"कोणाला सांगणार नाही ना?" यावर शाळेतल्या कल्याण अधिकाऱ्याने काय उत्तर द्यावं?

बकुळफूल

नमस्कार मंडळी. माध्यमिक शाळेत विद्यार्थी कल्याण अधिकारी म्हणून हे माझं पहिलं वर्ष. त्याआधी सहा वर्षं वर्गावर शिकवत होते, त्यामुळे मुलं नवीन नाहीत. दार लावून एका मुलाशी बोलणं मात्र अगदी नवीन आहे.

तीन आठवड्यांपूर्वी नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. बराच वेळ दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय. पण कोणाला सांगणार नाही ना? वचन द्या." मी दिलं. त्या क्षणी तिने बोलावं एवढंच मला हवं होतं. मग तिने सांगितलं की गेले काही महिने ती स्वतःला इजा करून घेते आहे. अर्थातच मला ते मुख्याध्यापकांना आणि तिच्या आईवडिलांना सांगावं लागलं. तिला आधी सांगायला हवं होतं, पण त्या गडबडीत राहून गेलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला कळलं.

आता तिचे उपचार सुरू आहेत, घरचेही समजूतदार आहेत. पण ती माझ्याकडे आलेली नाही. जिन्यात दिसले की मान खाली घालते. सांगितलं यात चूक नव्हती हे मला कळतं. वचन दिलं ही चूक होती. माझे दोन प्रश्न आहेत: मूल असं विचारतं तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणता? आणि एकदा गेलेला विश्वास परत मिळवता येतो का?

सागवान

बकुळफूल, आधी एक. ती मुलगी आज उपचार घेते आहे ती तुम्ही सांगितलंत म्हणून. हे लक्षात असू द्या, पुढचं मग बोलू.

तिठा

मी या कामात सतरा वर्षं आहे. तुम्ही केलीत ती चूक मीही पहिल्या वर्षी केली होती. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी केली आहे, कारण मूल समोर रडवेलं झालेलं असतं आणि "हो" हा सगळ्यात जवळचा शब्द असतो.

आता मी काय करते ते सांगते. कुठलंही मूल पहिल्यांदा खुर्चीवर बसलं की, त्याने तोंड उघडण्याआधी म्हणते: "तू इथे जे बोलशील ते या खोलीत राहील. तीन गोष्टी मात्र मी एकटी सांभाळू शकत नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला असेल, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तुझ्याशी नको ते वागत असेल. तसं काही निघालं तर मला आणखी कोणालातरी बरोबर घ्यावं लागेल. पण ते तुझ्या पाठीमागे होणार नाही." एवढंच. वीस सेकंद लागतात. आणि हे सगळ्यांना, अगदी हरवलेल्या कंपासपेटीसाठी आलेल्यालाही. फक्त गंभीर चेहऱ्याच्या मुलांना सांगितलं तर मुलं लगेच ओळखतात.

दुसरं, मूल सुसाट बोलायला लागलं आणि हे सांगायचं राहिलं, तर मध्येच थांबवायचं. "थांब जरा, पुढचं ऐकायच्या आधी तुला एक सांगायला हवं." मला आधी भीती वाटायची की मूल गप्प होईल. काही होतातही. दोन दिवसांनी परत येतात. तेव्हा ती ठरवून येतात आणि ते बोलणं वेगळंच असतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. सांगावं लागलंच तर सांगायचं की नाही यात मुलाला निवड नसते, पण कसं सांगायचं यात भरपूर असते. आईला आधी की बाबांना? तू खोलीत असशील की बाहेर? तू बोलशील की मी? कुठला शब्द वापरू नको? एका मुलाने मला लिहून दिलं होतं, "बाबांसमोर 'रडला' म्हणू नका." मी तो शब्द वापरला नाही. त्याचे बाबा भेटून गेल्यावर तो पहिलं हेच विचारायला आला.

आंबटगोड

तिठाताई, हे तीन मुद्दे मी वहीत उतरवून घेतले. वर्गशिक्षिका आहे, समुपदेशक नाही, पण मुलं आमच्याकडेही येतातच.

घरचाअभ्यास

मी इथे पालक म्हणून लिहितो, थोडं कडू वाटलं तर माफ करा. माझ्या मुलाला वर्षभर वर्गातली चार मुलं त्रास देत होती. शाळेतल्या बाईंना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं. "त्याने सांगू नका म्हटलं होतं," असं त्या नंतर म्हणाल्या. तो घरी येऊन जेवायचा नाही, आम्ही त्याला ओरडायचो. एक वर्ष आम्ही चुकीच्या मुलाला ओरडत होतो असं मला आजही वाटतं. तुमच्या गोपनीयतेची किंमत आमच्या घराने दिली.

तिठा

घरचाअभ्यास, कडू नाही वाटलं. तुम्ही सांगता ते माझ्या तिसऱ्या गोष्टीत बसतं, कोणी त्रास देत असेल तर. ते तुम्हाला कळायला हवं होतं. त्या बाईंनी मुलाला "तुझ्या आईबाबांना कसं सांगूया" असं विचारायला हवं होतं. बहुतेक वेळा मुलाच्या "सांगू नका" मागे एक विशिष्ट भीती असते: आई रडेल, बाबा शाळेत येऊन तमाशा करतील, ती चार मुलं बदला घेतील. त्या भीतीचं काही करता आलं तर मूल स्वतःच सांगायला तयार होतं.

कलमदान

थोडी कायद्याची बाजू. "धोका असेल तर गुप्तता संपते" हा विचार कुठून घट्ट झाला ते वाचण्यासारखं आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात तातियाना तारासॉफ नावाच्या विद्यार्थिनीचा खून झाला. मारणाऱ्याने आपला हेतू आधीच विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. त्या तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलंही होतं, पण तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलं नाही. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. इतर ठिकाणचे कायदे वेगवेगळे आहेत, पण या खटल्याची चर्चा जगभर झाली.

दुसऱ्या बाजूला संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार. त्यातल्या कलम ३ मध्ये मुलाचं हित, कलम १२ मध्ये त्याच्याबद्दलच्या निर्णयात त्याचं मत ऐकलं जाण्याचा हक्क आणि कलम १६ मध्ये खासगीपणाचा हक्क. तिठाताई म्हणतात ते "कसं सांगायचं यात निवड" म्हणजे कलम १२ च आहे.

आपापल्या ठिकाणचा बालसंरक्षणाचा कायदा आणि शाळेचं लेखी धोरण मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावं. तोंडी ऐकलेल्यावर राहू नये.

नववीब

मी शिक्षक नाही, पालक नाही. शाळा सोडून पाच वर्षं झाली. आमच्याकडेही अशा बाई होत्या, खूप चांगल्या होत्या असं सगळे म्हणायचे. मी चार वर्षांत एकदाही गेलो नाही. कारण सांगू? त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून होती, दारावर मोठी पाटी, समोर पाण्याचा नळ. मधल्या सुट्टीत नळावर अर्धी शाळा. आत कोण गेलं हे पुढच्या तासाला वर्गात पोचलेलं असायचं.

मला बोलायचं होतं. दहावीत तर रोज वाटायचं. शेवटी ग्रंथालयातल्या सरांशी बोललो, कारण पुस्तक परत करायला कोणीही जातं.

बकुळफूल

नववीब, हे वाचून उठून माझ्या खोलीचं दार पाहून आले. माझंही दार स्टाफरूमसमोरच आहे.

रेघोट्या

आमच्याकडे खोली बदलता आली नाही, म्हणून खोलीत इतर कामं आणली. खेळाचं साहित्य, हरवलं-सापडलं पेटी, ओळखपत्रं. आता दिवसात साठ मुलं येतात, त्यातली पाच बोलायला आलेली असतात आणि ती पाच कोणती हे कोणालाच कळत नाही. खुर्च्याही समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवल्या. विशेषतः मोठे मुलगे नजरेला नजर देऊन बोलत नाहीत. काहींशी तर मी मैदानाला फेऱ्या मारत बोलतो. चालताना पाय कामात असतात, जीभ सुटते.

चिठ्ठ्यांची पेटीही लावली होती. पहिल्याच दिवशी पहिली चिठ्ठी आली: "सर, या पेटीचं कुलूप किल्लीशिवाय उघडतं."

आंबटगोड

हा हा! काय गोड आहे. पण विचार केला तर त्या मुलाने अगदी मुद्द्याचंच सांगितलंय की.

खडूफळा

मी थोडं वेगळं मत मांडतो. तीस वर्षं गणित शिकवतोय. समुपदेशनाला माझा विरोध नाही, पण मुलं याचा वापर तास चुकवायला करतात. चाचणीच्या दिवशी बरोबर "मन अस्वस्थ आहे." आमच्या तासाला काही किंमतच उरत नाही. आणि उलट विचारायला गेलं तर "ते गोपनीय आहे." मूल माझ्या वर्गातून उठून गेलं, ते कुठे आहे एवढंही मला विचारायचं नाही का?

सागवान

खडूफळा सर, कुठे आहे हे तुम्हाला कळायलाच हवं. मी आलेल्या प्रत्येक मुलाची वेळ लिहून वर्गशिक्षकांना कळवतो: आलं, इतके वाजता परत पाठवलं. कारण नाही, पण वेळ नक्की. त्यात गोपनीयतेचा भंग नाही आणि शिक्षकांचा जीवही टांगणीला लागत नाही.

आणि तास चुकवण्याबद्दल. वेळा लिहून ठेवल्यामुळेच मला एक दिसलं. सातवीतल्या एका मुलाचं पोट दर गुरुवारी चौथ्या तासाला दुखायचं. सगळे म्हणायचे नाटक आहे. चौथा तास खेळाचा. बरं, त्याला खेळ आवडायचा, सुट्टीत तो धावत असायचा. मग मी एक गुरुवार मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. दोन कप्तान एकेक जण निवडत होते. शेवटी एक मूल उरतं ना, ज्याला कोणी निवडत नाही, "घ्या रे याला" म्हणून ढकलतात? हा तो असायचा. दर आठवड्याला, सगळ्यांसमोर.

खेळाच्या सरांशी बोललो. मुलाबद्दल काही सांगितलं नाही, पद्धतीबद्दल बोललो. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडायला सुरुवात केली. पोटदुखी गेली. त्या मुलाशी मी एकूण दहा मिनिटंही बोललो नसेन. या नोकरीचं निम्मं काम मला असंच वाटतं. मुलाला बदलायला बसण्याआधी त्याच्या भोवतीचं काय बदलता येतं ते बघायचं.

खडूफळा

वेळा कळवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. उद्याच सुचवतो. त्या सातवीतल्या मुलाचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या चाचणीच्या दिवशी उठून जाणारी तीन नावं डोळ्यांसमोर आली. फळ्यासमोर उभं राहून गुण वाचून दाखवायची माझी जुनी सवय आहे.

चांदणचुरा

खडूफळा सर, तुमच्याबद्दल आदर वाढला.

कलमदान

रेघोट्या आणि सागवान यांना विचारतो, नोंदी कशा ठेवता? माझ्या पाहण्यात बरेच वाद तिथे होतात.

तिठा

मुलाने वापरलेले शब्द अवतरणात, मी काय पाहिलं, मी काय केलं, कोणाला कधी कळवलं. माझे तर्क नाहीत. "घरात वातावरण वाईट असावं" असं कधीच लिहीत नाही. "आठवड्यातून तीन दिवस उपाशी येते, असं तिने सांगितलं" असं लिहिते. कुलूपबंद कपाट, किल्ली माझ्याकडे आणि आणीबाणीसाठी एक मुख्याध्यापकांकडे पाकिटात. आणि आणखी एक, मूल मोठं होऊन ही पानं वाचू शकेल असं धरूनच लिहिते.

पाऊलवाट

नवीन सदस्य, नवीन समुपदेशक. मला एका गोष्टीची फार भीती वाटते. एखादं मूल खूप खचलेलं दिसतं, तेव्हा "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का" असं सरळ विचारायचं का? विचारल्यामुळे विचार मनात घातला असं झालं तर?

सागवान

सरळ विचारायचं. ही भीती सगळ्यांना असते आणि तिची तपासणी झालेली आहे. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, तसे विचारही वाढले नाहीत. आधीपासून खचलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना तर उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

शांत आवाजात, शब्द न गाळता विचारा. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. "हो" आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, अगदी पाणी आणायलासुद्धा उठायचं नाही. शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला तिथेच बोलवायचं, घरी कळवायचं, तज्ज्ञांकडे त्याच दिवशी पोचवायचं. पुढचे उपचार हे आपलं काम नाही. मुलाला एकटं न सोडता तिथवर नेणं आपलं.

पाऊलवाट

"तसलं काही नाही ना" असंच मी गेल्या महिन्यात एकाला विचारलं होतं. उद्या पुन्हा भेटते त्याला. मनापासून आभार.

चांदणचुरा

सगळं पटतंय, पण हे एकट्या माणसाने करायचं कसं? आमच्या शाळेत १४०० मुलं आणि मी एकटी. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे. त्या हिशेबाने आम्ही पाच-सहा जण हवे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या दर सातांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. म्हणजे आमच्याकडे सुमारे २०० मुलं. मला त्यातली तीसेक नावं माहीत आहेत. उरलेली कोण, हा विचार रात्री झोपू देत नाही.

रेघोट्या

प्रश्नावली वापरून पाहिली का? रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची २५ विधानांची आहे, पालक आणि शिक्षकही भरू शकतात, ११ वर्षांपुढची मुलं स्वतः. भावना, वर्तन, चंचलपणा, मित्रांशी संबंध आणि इतरांशी आपुलकीने वागणं, असे पाच भाग. निदान होत नाही, पण कोणाकडे आधी बघायचं ते कळतं.

तिठा

रेघोट्या, इथे मी असहमत. चांदणचुरा एकटी आहे. १४०० मुलांकडून भरून घेतली आणि दीडशे नावं निघाली तर पुढे काय? मुलाने कागदावर खरं लिहिलं आणि त्यानंतर महिनाभर कोणी विचारायला आलं नाही, तर ते पुन्हा कधीच लिहिणार नाही. बोलवायची सोय असेल तेवढ्याच मुलांना विचारावं. एक इयत्ता घ्या, बाहेरच्या तज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा, मग करा.

रेघोट्या

मान्य आहे. आम्ही दोघं आहोत आणि फक्त आठवीसाठी केली होती, ते सांगायचं राहिलं.

आंबटगोड

चांदणचुरा, आम्हा वर्गशिक्षकांना कामाला लावा ना. हजेरी घेताना आम्हाला रोज चेहरे दिसतात. काय बघायचं ते सांगा. अचानक गप्प झालेलं, गृहपाठ बंद केलेलं, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालणारं, सुट्टीत एकटं. आम्ही नावं देऊ.

घरचाअभ्यास

आणि पहिल्या तासाला डुलक्या काढणारं. माझ्या मुलाला सगळे आळशी म्हणायचे.

सागवान

थोडं अवांतर होईल, पण हो. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच म्हटलं होतं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. मी डुलक्या काढणाऱ्याला पहिला प्रश्न "किती वाजता झोपलास" असा विचारत नाही. "झोप लागत नाही तेव्हा काय चाललेलं असतं?" असा विचारतो. बऱ्याच गोष्टी तिथून निघतात.

तिठा

चांदणचुरा, ते "रात्री झोपू देत नाही" मी वाचलं. तुला कोणी आहे का, जिच्याशी तू या केसेसबद्दल बोलतेस? नाव न घेता? मी महिन्यातून दोनदा एका ज्येष्ठ समुपदेशकाकडे जाते. सतराव्या वर्षीही. त्याशिवाय हे काम कोणी करू नये असं माझं ठाम मत आहे. नसेल तर मला व्यक्तिगत निरोप टाक.

चांदणचुरा

टाकला, ताई.

नववीब

बकुळफूल ताई, मूळ प्रश्नाकडे परत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. विश्वास परत मिळतो का? मी त्या मुलीच्या जागी असतो तर मला तुम्ही सांगितलंत याचा राग नसता. "सांगणार नाही" म्हणालात आणि मग तसं कधी बोललाच नव्हतात असं वागलात, याचा असता. मोठी माणसं माफी मागत नाहीत. तुम्ही मागा. पण तिला खोलीत बोलावून नको.

तिठा

अगदी बरोबर. आणि "तुझ्या भल्यासाठीच केलं" हे जोडू नकोस. त्याने माफी पुसली जाते.

बकुळफूल

दहा दिवसांनी येते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सगळं दोन-तीनदा वाचलं.

नववीब, तू म्हणालास तसं केलं. ग्रंथालयात ती एकटी पुस्तकं लावत होती. मी तिथेच उभी राहून म्हणाले, "मी तुला वचन दिलं होतं आणि ते मला देता येण्यासारखं नव्हतं. ते मी आधीच सांगायला हवं होतं. घरी कळवण्याआधी तुलाही सांगायला हवं होतं. दोन्ही चुकलं माझं." तिने पुस्तक खणात ठेवलं आणि "ठीक आहे" म्हणाली. वर बघितलं नाही. मी निघून आले.

ती अजून माझ्याकडे आलेली नाही. कदाचित येणारही नाही. तिच्या उपचारतज्ज्ञांशी तिचं चांगलं जमलं आहे असं तिच्या आईने सांगितलं, तेवढं मला पुरेसं आहे.

पण काल तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी आली. बसलीसुद्धा नाही, दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही काय काय दुसऱ्यांना सांगता ते आधी सांगा. तिने मला आधी हे विचारायला सांगितलंय."

मी तीन गोष्टी सांगितल्या. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत येऊन दार लावलं.

तिठा

बकुळ, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

घरचाअभ्यास

माझ्या मुलाला हा धागा वाचायला दिला. त्याने फक्त एवढंच विचारलं, ते कुलूप बदललं का?

रेघोट्या

बदललं. आठवड्याने दुसरी चिठ्ठी आली, त्याच अक्षरात: "आता उघडत नाही." आणि खाली आणखी चार ओळी होत्या. त्या मात्र इथे सांगता येणार नाहीत.